व्हायकिंग आणि 'व्यापारी'?

गलबत: हल्ली व्हायकिंगांना, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या त्या जुन्या दर्यावर्द्यांना, घासूनपुसून सज्जन व्यापारी म्हणून पेश करायची टूम निघाली आहे. ७९३ मध्ये इंग्लंडमधला लिंडिसफार्नचा ख्रिस्ती मठ लुटला, ८४५ मध्ये सीन नदीतून थेट पॅरिस गाठलं आणि तिथल्या फ्रँक लोकांच्या टकल्या चार्ल्स राजाकडून ७,००० पौंड चांदी उकळून परतले. याला व्यापार म्हणायचं तर खंडणीची पावतीही फाडा!

उलटतपासणी: मार मठांना बसला आणि लेखणीही मठांच्याच हातात होती. बखर एकतर्फी होणारच. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९९९ मध्ये स्पिलिंग्ज इथे सुमारे ६७ किलो चांदी सापडली. १४ हजारांवर नाणी, त्यातली बहुतेक अरबी दिरहम. ती काय बगदाद लुटून आणली?

गलबत: नाही, विकून आणली. पण काय विकून? बगदादच्या खलिफाचा दूत इब्न फदलान याने ९२२ मध्ये व्होल्गाकाठी हे 'रूस' (पूर्वेकडे गेलेले व्हायकिंग) व्यापारी पाहिले. नावेतून उतरला की गडी भाकरी, मांस, कांदे, दूध, मद्य घेऊन लाकडी देवापुढे जायचा. 'इतक्या दासी आणल्यात, सेबलची (मऊ फरवाल्या प्राण्याची) इतकी कातडी आणलीत, भरपूर दिनार-दिरहमवाला आणि घासाघीस न करणारा गिऱ्हाईक पाठव' असा नवस! दासी काय शेतात पिकतात? धाड म्हणजे यांची माल-खरेदी.

कांदेपोहे: हे जबरी आहे. रच्याकने, देव पावला नाही तर पुन्हा नैवेद्य, म्हणजे आपल्यासारखंच.

उलटतपासणी: मान्य, गुलाम विकायचे. पण तेव्हा कोण विकत नव्हतं? मठांचं म्हणाल तर आयर्लंडात मन्स्टरचा राजा फेडलिमिद, चांगला ख्रिस्ती, त्याने क्लोनमॅक्नॉइसच्या मठाच्या जमिनी जाळल्या, साधू मारले. त्याला कोणी 'लुटारू जमात' म्हणत नाही. शिंगवाली शिरस्त्राणं फक्त यांच्याच डोक्यावर, तीही एकोणिसाव्या शतकात चढवलेली.

गलबत: फेडलिमिदचं राज्य शेजारीच, त्याच्याशी तह तरी करता यायचा. हे उथळ नदीतही चालणाऱ्या होड्यांतून येणार, फौज जमेपर्यंत पसार. ८४१ पासून तर डब्लिनलाच तळ ठोकला, पुढे तिथे गुलामांचा मोठा बाजार भरला.

उलटतपासणी: तह यांच्याशीही झाले की. ९११ मध्ये फ्रँक राजाने रोलो या व्हायकिंग म्होरक्याला सीनच्या मुखाजवळची जमीनच दिली, बाकीच्या धाडींना तूच अडव म्हणून. बाप्तिस्मा घेऊन गडी स्थिरावला.

गलबत: चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! किती स्थिरावले ते इंग्लंडला विचारा. १०६६ मध्ये ते अख्खं राज्य घेणारा विल्यम याच रोलोच्या वंशातला.