मदत हवी आहे: बातमीचा इंट्रो नेमका कुठून सुरू करायचा?

नमस्कार. दोन महिन्यांपासून उपसंपादक म्हणून उमेदवारी करतोय. पत्रकारितेचा अभ्यासक्रम केलेला नाही, त्यामुळे डेस्कवरचे शब्द कानावर पडतील तसे शिकतोय. बायलाइन म्हणजे बातमीदाराचं नाव, डेटलाइन म्हणजे बातमी जिथून दिली ते ठिकाण (पहिला आठवडा मी ती डेडलाइनच समजत होतो), इथवर आलोय. गाडी अडलीय ती इंट्रोवर, म्हणजे बातमीच्या सुरुवातीच्या परिच्छेदावर.

काल आगीची बातमी केली. माझा इंट्रो:

"येथील एका गोदामाला शुक्रवारी पहाटे तीनच्या सुमारास अचानक भीषण आग लागली. माहिती मिळताच अग्निशामक दलाचे बंब घटनास्थळी दाखल झाले."

वरिष्ठांनी कॉपी (बातमीचा मजकूर) परत दिली. शेरा एवढाच: "माणसं कुठायत?" दोन कामगार दगावले होते आणि ते माझ्या चौथ्या परिच्छेदात होते. उलटा पिरॅमिड (सगळ्यात महत्त्वाचं सगळ्यात वर, बाकी उतरत्या क्रमाने) ऐकून माहीत आहे, पण लिहायला बसलं की जे आधी घडलं तेच आधी लिहिलं जातं.

शिवाय कोण, काय, कधी, कुठे, का, कसे हे सहाही ककार इंट्रोतच बसवायचे का? "का" माहीतच नसेल तर? मी "शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा अंदाज आहे" लिहिलं होतं, तेही खोडलं.

प्रतिसाद १:
सहाही कोंबलेत तर इंट्रोचा पंचनामा होईल. "गोदामाला शुक्रवारी पहाटे लागलेल्या आगीत दोन कामगारांचा मृत्यू झाला." बास. बंब खाली. ऐनवेळी जाहिरात आली की कॉपी शेवटून कापतात. तुमची कापली असती तर माणसं गेली असती आणि बंब छापून आले असते!

"होरपळून मृत्यू" लिहायचा मोह होईल. होरपळून की धुरात गुदमरून, हे डॉक्टर सांगेपर्यंत नुसतं "मृत्यू" ठेवा.

आणि अंदाज कुणाचा? अग्निशामक अधिकाऱ्याचा असेल तर त्याच्या नावावर घाला. तुमचा असेल तर तो छापायचा नाही. "आगीचे कारण समजू शकले नाही" लिहायला कसली लाज?

प्रतिसाद २:
वरच्यांशी सहमत. "अचानक" पण काढा, आग काय कळवून लागते?

धागाकर्ता:
आभारी आहे, शेरा आत्ता कुठे कळला. आज फॉलोअप (त्याच घटनेची पुढची बातमी) करायचाय. गोदाममालकावर गुन्हा दाखल झालाय. इंट्रोत पुन्हा मृत्यू घ्यायचे का?

प्रतिसाद १:
नवं ते वर, म्हणजे गुन्हा. पण "दोन कामगारांच्या मृत्यूप्रकरणी" एवढे शब्द त्याच वाक्यात हवेत, कालचा अंक न वाचलेलाही वाचक असतो. आणि गुन्हा दाखल झाला म्हणजे सिद्ध झाला नाही. "मालकाच्या निष्काळजीपणामुळे" असं स्वतःहून लिहू नका. मालकाला फोन करून त्याची बाजू घ्या. फोन उचलला नाही तर तसं लिहा.