मदत हवी आहे: गोळ्या खराब की गन? रविवारच्या आत सांगा

म्हापसा_ते_मोले: एअरसॉफ्टच्या, म्हणजे खेळातल्या गनच्या प्लास्टिक गोळ्यांचं नवीन पाकीट आहे. पहिली दोन मॅगझिन सरळ गेली, मग गोळ्या डावी-उजवीकडे पळायला लागल्या, काही मध्येच खाली पडतात. व्हर्नियरने मापल्या, ५.९५ मिमी. वजनही बरोबर. पाकीट फेकू की ठेवू?

काजूबी: किती ग्रॅमच्या? साध्या की बायो, म्हणजे मातीत कुजणाऱ्या? गॅस की बॅटरी? नळीचा आतला व्यास? काहीच लिहिलं नाहीस रे. आणि 'वजन बरोबर' कुठल्या काट्यावर?

म्हापसा_ते_मोले: ०.२५, बॅटरी, नळी ६.०३. काटा ०.०१चा. दहा गोळ्या ठेवल्या, २.५० आलं.

काजूबी: पाच गोळ्या ०.२४च्या आणि पाच ०.२६च्या असल्या तरी २.५०च येणार. शिवाय तुझा काटा ०.२४६ आणि ०.२५४ दोन्हींना ०.२५ म्हणतो. मिलिग्रॅमचा काटा हवा, ओळखीच्या सोनाराकडे बघ. पाकिटाच्या वरून, मधून, तळातून मिळून पन्नास गोळ्या काढ, पंखा बंद कर, एकेक मोज. सगळ्यात हलकी आणि सगळ्यात जड यांतलं अंतर पाच मिलिग्रॅमच्या आत असेल तर वजनाचं नाव घेऊ नको. दोन टक्के वजन म्हणजे वेगात जेमतेम एक टक्का. एक ज्यूलच्या गनला ०.२५ची गोळी सेकंदाला ८९ मीटरने जाते, त्यात फरक मीटरभराचाही नाही. तेवढ्याने गोळी डावीकडे वळत नाही.

व्हर्नियरचं तर बोलूच नको. त्याची स्वतःचीच चूक ०.०२, आणि तू शोधतोयस ०.०१. मायक्रोमीटर घे, रॅचेटने टिकटिक होईपर्यंतच आवळ, प्रत्येक गोळी तीन दिशांनी माप. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्याही लेथवाल्याकडे मिळेल.

तांबडी_माती: एवढा खटाटोप कशाला? मिठाच्या घट्ट पाण्यात टाका. तरंगली ती आतून पोकळ.

काजूबी: ०.२५च्या गोळीची घनता २.२च्या वर, मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घातलं तरी पाणी १.२. तिसरा हिस्सा पोकळ असला तरी ती बुडणारच. आणि ०.१२ची धडधाकट असूनही तरंगेल. बुडबुडा बघायचा तर दहा गोळ्या पकडीत फोडून बघ. बरोबर मध्यावर असला तर फारसं बिघडत नाही, कडेला असला तर गोळी लटपटते.

तांबडी_माती: बरं बाबा, तुमचंच खरं.

रापणकार: यापेक्षा एअर रायफलचे छर्रे घ्या. डोक्याच्या मापाने ४.४९, ४.५०, ४.५१ असे वेगळे मिळतात, दहा मीटरला त्यांच्यासारखं काही नाही.

सोलकढी: रापणकारदादा, हे लोक एकमेकांवर खेळतात. शिशाचा छर्रा माणसावर?

म्हापसा, बायो का ते अजून सांगितलं नाहीस. आणि पाकीट फोडलं कधी?

म्हापसा_ते_मोले: बायो. मैदानवाले दुसऱ्या चालवू देत नाहीत. फोडलं जूनमध्ये, चिमटा लावून ठेवलं होतं.

सोलकढी: जूनमध्ये फोडलेलं पाकीट 'नवीन'! बायो म्हणजे पीएलए प्लास्टिक, ते दमट हवेत पाणी ओढतं. आपल्याकडच्या पावसात चिमट्याने काय होणार? गोळी फुगते, ठिसूळ होते. ६.०३च्या नळीत ५.९५ला ०.०८ची जागा असते, ती निम्मी झाली की काही अडखळतात, काही हॉपच्या, म्हणजे गोळीला उलटी गिरकी देणाऱ्या रबराजवळ फुटतात. आता उन्हात वाळवू नको, गाडीच्या काचेमागे तर नकोच. साठ अंशांच्या आसपास पीएलए मऊ पडतं.

काजूबी: म्हापसा, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंस तर माझी अर्धी टायपिंग वाचली असती. तरी गनची खात्री आधी कर. नळी काढ, सळीला कोरडं कापड गुंडाळून पूस. हॉपच्या रबराला सिलिकॉन तेल लागलं असेल तर तेही पूस, गोळी कुठेही वळण्याचं ते नेहमीचं कारण. मग सीलबंद पाकिटातल्या दहा, तुझ्या दहा, पुन्हा सीलबंदमधल्या दहा झाड, हॉपला हात न लावता. दोन्ही पसरल्या तर दोष गनचा.

रापणकार: याला लायसन लागतं का?

सोलकढी: वेगळा धागा काढा.

म्हापसा_ते_मोले: मायक्रोमीटर मिळाला. वीस गोळ्या: ५.९४ ते ५.९९. एकीत दोन दिशांना ०.०३चा फरक. सीलबंदमधल्या सगळ्या ५.९४–५.९५, आणि गटही नीट पडला, सगळ्या जवळजवळ लागल्या.

काजूबी: जुन्या फेक. नव्या हवाबंद बरणीत, सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून. खेळापुरत्याच बाहेर काढ, उरलेल्या परत बरणीत ओतू नको.

तांबडी_माती: रविवारी पाऊस सांगितलाय.