जोड, जोडा की नग? चपलेच्या बिलातले शब्द

गल्ला, सांगली
दुकानाचं बिल मराठीत करायचं आहे. पाटीवर ‘पादत्राणे’ आहेच, अडलंय ते आतल्या मजकुरावर. ‘चप्पल, २ नग’ लिहिलं की गिऱ्हाईक म्हणतं, दोन चपला म्हणजे एकाच माणसाची. हिशेब बघणारा दोन माणसांच्या धरतो. ‘जोडा’ लिहावं का? आणि वहाण, पायताण हे शब्द बोलण्यात असून पाटीवर कधीच का दिसत नाहीत?

जुना कोश
आधी वहाण. मूळ संस्कृत ‘उपानह्’. त्यातला ‘नह्’ म्हणजे बांधणे, ‘सन्नद्ध’मध्येही तोच धातू आहे. पायाला बांधतात ती वहाण, म्हणजे पट्टा असलेलं काहीही त्यात बसतं. शब्द बाजारातून उठला, पण ‘अनवाणी’त अजून मुक्कामाला आहे: अन् + उपानह्, वहाणेविना.

पायताण म्हणजे पादत्राणच, वापरून झिजलेलं. पाद-चं पाय झालं, त्राण-चं ताण. पाटीवरचे ‘पादत्राणे’ आणि बाहेर भांडणात ऐकू येणारं ‘पायताण काढीन’ हे एकाच घरातले. पण इकडे कृष्णाकाठी पायताणाला राग चिकटला आहे, म्हणून पाटीवर कोण लिहिणार? खेटराची गत त्याहून वाईट. ते पायात कमी आणि कुणाच्या तरी डोक्याच्या दिशेनं जास्त.

पायपोस फारसी, पाय झाकणारा. सपाता पोर्तुगीज ‘सपातो’वरून. पायपोस आता फक्त ‘कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही’ एवढ्यापुरता उरलाय. तुमच्या बिलाचंही तेच झालेलं दिसतंय.

‘जोडा’ मात्र बिलात नकोच. ‘नवरा-नवरी, लक्ष्मीनारायणाचा जोडा’ म्हणताना तो दोघांचा. ‘नवऱ्याचे जोडे लपवले’ म्हणताना एकेका पायाचा. ‘दोन जोडे’ म्हटल्यावर दोन पायांचे की चार, हे वाक्य ऐकल्याशिवाय ठरत नाही.

घाऊक
बरोबर, म्हणूनच व्यापारात ‘जोड’ चालतो. त्याचं अनेकवचनही जोडच: एक जोड, पाच जोड, पन्नास जोड. (‘जोड्या’ हे जोडीचं अनेकवचन, ते आवक-जावकीत घुसडू नका.) कारखान्यातून पेटी येते ती जोडांवर मोजून, ६ ते १० नंबरचा ‘सेट’ लावून. मधले नंबर जास्त खपतात म्हणून ते सेटमध्ये जास्त असतात.

नग आणि जोड हा नुसता शब्दांचा वाद नाही, कराचाही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जोडीमागे विक्रीमूल्य २,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर १८ टक्के. दर ‘जोडी’मागे आहे, नगामागे नाही. समजा प्रत्येकी १,५०० चे दोन जोड गेले. ‘२ जोड, दर १,५००’ लिहिलं तर ५ टक्के स्पष्ट. ‘१ नग, ३,०००’ असं कुणी सोयीसाठी ठोकलं तर कागदावर तो महाग माल झाला, आणि दर १८ चा दिसायला लागतो. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकक निवडताना नगाऐवजी जोडीचा पर्याय घ्या. तो असतोच, पण यादीत खाली असतो म्हणून कुणी बघत नाही.

गल्ला, सांगली
हे पटलं. पण मग गिऱ्हाईक ‘माझी चप्पल तुटली’ म्हणतं तेव्हा एक की दोन्ही?

आरी-रापी
‘चप्पल घातली’ म्हणजे दोन्ही पायांत. ‘चप्पल तुटली’ म्हणजे बहुतेक एकाच पायाची. तुटते कुठे, ते विचारा. कोल्हापुरीला तळ, टाच, पट्टा, दोन बाजूंचे कान आणि अंगठा (पायाचा अंगठा अडकवायचं कडं). सगळ्यात आधी जातो अंगठा, कारण पाऊल उचलताना चपलेचं सगळं वजन त्याच्यावर ओढलं जातं. ‘अंगठा तुटला’ ऐकून नवशिका घाबरतो, पण तो माणसाचा नव्हे, चपलेचा. कान उसवला तर पट्टा सैल पडतो आणि चालताना टाच बाहेर सरकते. लोक म्हणतात ‘चप्पल वाढली’. वाढत काही नाही, टाके सुटलेले असतात.

अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो. तळाचे थर कातड्याच्याच वादीनं शिवतात. कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं. म्हणूनच पाणी तिचा वैरी. भिजलं की तळ फुगतो, वादी ढिली होते, आणि उन्हात वाळवली की कातडं कडक होऊन तडकतं. भिजलीच तर कोरड्या फडक्यानं टिपायची, सावलीत उभी ठेवायची, पुरती वाळल्यावर तेलाचा हलका हात फिरवायचा. तेलात बुडवायची नाही, तळ लोळागोळा होतो. आषाढ-श्रावणात रबरी घाला, त्यात कमीपणा नाही.

‘करकर’ हा दोष समजून परत आणणारेही असतात. तो आवाज काही चपलांत मुद्दाम ठेवलेला असतो.

सातारकर
एक शंका. साताऱ्यात किंवा सांगलीत शिवलेल्या चपलेला ‘कोल्हापुरी’ म्हणणं ही फसवणूक नाही का?

घाऊक
नाही. कोल्हापुरी चपलेला डिसेंबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते आठ जिल्ह्यांना मिळून: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. कोल्हापुरी हे इथं गावाचं नाव कमी आणि घडणीचं जास्त आहे. मशीननं चिकटवलेल्या रेक्झिनच्या मालाला मात्र ‘कोल्हापुरी टाइप’ लिहिण्याची पळवाट काढतात. बिलात सरळ ‘रेक्झिन चप्पल’ लिहावं.

कुपवाड पहिली पाळी
बूट राहिले की. ‘शूज’ म्हणायचं की बूट? आमच्या इथं एमआयडीसीत ‘सेफ्टी शूज’ एवढंच चालतं. त्यात पुन्हा ‘एक शूज सापडत नाही’ असंही ऐकू येतं.

जुना कोश
‘शूज’ मुळातच अनेकवचन आहे, ‘एक शूज’ म्हणजे ‘एक केळी’ म्हटल्यासारखं. मराठीत बूट एकच, बूट दोनही, अडचण मिटली. इंग्रजीत बूट म्हणजे घोटा झाकणारा, आपण मात्र कसलाही बंद प्रकार बूटच म्हणतो, आणि त्यात चूक काही नाही. नाडी, जीभ, टाच हे शब्दही आपले आहेत, ते सोडून लेस-टंग-हील कशाला?

आरी-रापी
सेफ्टीच्या बाबतीत शब्दापेक्षा आतली लोखंडी टोपी बघा. आय.एस. १५२९८ भाग २ या भारतीय मानकाप्रमाणे तिनं २०० ज्यूलचा आघात झेलला पाहिजे. तेवढं नसेल तर तो नुसता जड बूट. दुसरं, पीयूचा (पॉलियुरेथेनचा) तळ न वापरता दोन-चार वर्षं खोक्यात ठेवला तर हवेतल्या ओलीनं आतून पिठूळ होतो आणि पहिल्याच दिवशी तुकडे पडतात. गिऱ्हाईक म्हणतं ‘नवा होता’. नवा होता, पण जुना झालेला. जास्त साठा करू नका.

गल्ला, सांगली
शेवटचं, ‘नंबर’. आकार, माप, साइज, काय लिहू?

घाऊक
नंबर. बाकी सगळं गिऱ्हाईकाला पुन्हा समजवावं लागतं. आपला नंबर ब्रिटिश पद्धतीचा: एक नंबर वाढला की फर्मा (ज्यावर बूट-चप्पल बेततात तो पायाच्या आकाराचा साचा) पाव-अर्धा नव्हे, इंचाचा तिसरा भाग वाढतो, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपी नंबर दोन तृतीयांश सेंटिमीटरनं वाढतो. ८ नंबरचा फर्मा ११ इंच, म्हणजे २७.९ सेंटिमीटर, म्हणून खोक्यावर ८ शेजारी ४२ छापलेलं असतं. ते दोन वेगळे माल नव्हेत. फर्मा पावलापेक्षा दीड-दोन सेंटिमीटर लांब असतो, तेव्हा पाऊल २८ धरून कुणाला ८ देऊ नका.

मोजायचं संध्याकाळी, पाय थोडा फुगलेला असतो. टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं करा, सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा (ते अंगठाच असेल असं नाही), दोन्ही पाय मोजा आणि मोठा धरा.

जुना कोश
फर्म्याला जुना शब्द कलबूत.

गल्ला, सांगली
कलबूत बिलात येणार नाही, पण लक्षात ठेवतो. मग ओळ अशी: ‘चामडी चप्पल, पुरुष, नंबर ८, २ जोड, दर १,५०० प्रति जोड.’

घाऊक
‘पुरुष’च्या आधी रंग टाका. परत आलेला माल रंगावरून ओळखतात.