पाच मिनिटांची शिवण: मुलं लहान असताना लागलेला गोधडीचा नाद (अनुभव धागा)

मुलगी दीड वर्षाची होती तेव्हा शिवणयंत्र उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं. टेबल मोकळं करायचं, बॉबिन भरायची, कापड जुळवायचं, आणि पहिली शिवण दाबाखाली असतानाच ती उठायची. की पुन्हा सगळी आवराआवर. दोन महिने हे चाललं, मग माझ्याच्याने होईना.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एका मैत्रिणीच्या हातात कागदावर टाचलेला षटकोन पाहिला. जाडसर कागदाचा षटकोन, त्याच्या सहाही कडांवर कापड दुमडून कच्च्या दोऱ्याने धरलेलं. असे दोन तुकडे सुलट बाजू आत करून एकमेकांवर ठेवायचे आणि कडेकडेने बारीक तिरपे टाके घालत जायचं. सहाही बाजूंनी शेजारी जोडले गेले की आतला कागद काढून घ्यायचा. एक षटकोन टाचायला मला तेव्हा चार मिनिटं लागली. चार मिनिटं माझ्याकडे होती. मुख्य म्हणजे मध्येच हाक आली तर तुकडा आहे तसा खाली ठेवता येत होता, आणि परत आल्यावर टाका तिथेच असायचा.

‘पेपर पीसिंग’ या एकाच नावाने दोन वेगळी कामं चालतात, म्हणून आधी तेवढं सांगते. वर लिहिलं ते इंग्लिश पेपर पीसिंग, म्हणजे हातशिवण, कागद फक्त साचा. दुसरं फाउंडेशन पेपर पीसिंग. त्यात कागदावर छापलेल्या रेषेवरूनच मशीन चालवायचं आणि शेवटी कागद फाडून टाकायचा. पहिलं कुठेही नेता येतं, दुसऱ्यात अणकुचीदार टोकं बिनचूक येतात. दोन्हींबद्दल लिहा. कसं सापडलं, कुठे बसून करता, काय बिघडलं, सगळं सविस्तर येऊ द्या.

❖

मी पहिला नंबर लावते. मुलं सात आणि चार वर्षांची. माझी सगळी शिवण पोहण्याच्या वर्गाबाहेरच्या बाकावर होते. आठवड्यातून दोनदा पाऊण तास.

माझा अनुभव असा की शिवायला वेळ मिळतो, तयारीला मिळत नाही. म्हणून दोन्ही वेगळ्या केल्या. पंधरा दिवसांतून एकदा, मुलं झोपल्यावर, अडीच इंची चौकोन कापून ठेवते. एक इंच बाजूच्या षटकोनाला तेवढं कापड पुरतं, कोपरे कापायचीही गरज नसते, मागे दुमडले जातात. मग एका चपट्या डब्यात वीस चौकोन, वीस कागद, दोन सुया, राखाडी दोऱ्याचं रीळ आणि छोटी कात्री. राखाडी एवढ्यासाठी की तो बहुतेक रंगांत मिसळून जातो, दर वेळी दोरा बदलावा लागत नाही. डबा पिशवीत कायम असतो.

सुरुवात करणाऱ्यांनी आधी हिशेब करावा असं मला मनापासून वाटतं. ३६ बाय ४५ इंचांची छोटी गोधडी एक इंची षटकोनांची केली तर साधारण ६२५ तुकडे लागतात. बाजू दीड इंच घेतली तर २८० च्या आत काम होतं, दोन इंच घेतली तर १५६ च्या आसपास. एका इंचावर अर्धा इंच वाढवला की काम निम्म्याहून कमी. मी हे न करता एक इंचाने सुरू केलं आणि ६२५ पैकी ४१० वर आहे. तिसरं वर्ष चालू आहे. मला ते आवडतंय, पण घाई असणाऱ्याने मोठा षटकोन घ्यावा.

❖

मी बाबा. वर ताईंनी हिशेब दिलाय, त्यात माझी एक ठेच जोडतो.

षटकोनांचे साचे संगणकावर आखून घरीच छापले. पहिल्यांदा शंभर टक्के मापात छापले होते. दीड महिन्याने पुढचे कागद छापताना प्रिंटरने पान ‘बसवून’ घेतलं आणि प्रत्येक षटकोन केसभर लहान आला. डोळ्यांना कळत नाही. दोन तुकडे जोडले तरी कळत नाही. पण सहा पाकळ्यांभोवती बारा तुकड्यांचं कडं शिवताना शेवटचा तुकडा बसेचना. मी माझ्या टाक्यांना दोष देत दोनदा उसवलं. तिसऱ्यांदा कागद काढून पट्टीवर धरला तेव्हा उलगडा झाला. तेव्हापासून छापलेल्या पानावरची एक बाजू आधी पट्टीने मोजतो, मगच कात्री लावतो.

आणखी एक. जाड कागद संपला होता, तेव्हा मुलीच्या अक्षरं गिरवण्याच्या जुन्या वह्यांचे पुठ्ठे आणि पानं वापरली. ती आता नऊ वर्षांची आहे. परवा मधल्या फुलांचे कागद काढत होतो, ती शेजारी येऊन बसली आणि एकेक षटकोन उलटून वाचायला लागली. एकावर ‘ळ’ ची अख्खी रांग होती, सगळे उलट्या बाजूला वळलेले. तिला आठवतही नव्हतं आपण असं लिहायचो ते. ते कागद तिने स्वतःच्या खणात ठेवलेत. माझे मात्र साचे कमी पडले.

❖

बाबा, तुमच्या त्या वह्यांच्या पानांवरून लिहावंसं वाटलं. ब्रिटनमध्ये १७१८ साल टाकलेली एक रेशमी तुकड्यांची चादर आहे, तिथल्या ‘क्विल्टर्स गिल्ड’ या गोधडी शिवणाऱ्यांच्या संघटनेच्या संग्रहात. कागदावर टाचून केलेलं काम, आणि कागद अजून आतच आहेत. जुन्या गोधड्या अभ्यासणारे लोक असे आतले कागद बारकाईने पाहतात, कारण घरातली पत्रं, हिशेब, वर्तमानपत्रं, जे हाताशी असेल ते कापून वापरलेलं असतं. म्हणजे वापरलेला कागद घेणं ही काटकसर या कामाइतकीच जुनी आहे.

साचे पुन्हा वापरायचे असतील तर प्रत्येकाच्या मध्यभागी पंचने भोक पाडून ठेवा. मागून त्यात बोथट काडी घातली की कागद न फाटता निघतो. एकेक कागद चार-पाच वेळा सहज चालतो.

❖

जुळ्यांची आई. दोघं तीन वर्षांचे. हातशिवण मला जमली नाही, मी मशीनवाली. माझा वेळ रात्री साडेनऊ ते दहा, त्यात एक ठोकळा, म्हणजे गोधडीचा एक नक्षीदार चौकोन, आपण ज्याला ब्लॉक म्हणतो तो, निम्मा होतो. पण फाउंडेशनचं बरं हे की कागदावर क्रमांक असतात. १ नंतर २, २ नंतर ३. दिवसभराच्या धावपळीनंतर मला काही ठरवावं लागत नाही, कागद सांगतो ते करायचं.

पद्धत लिहिते, कारण पहिल्यांदा वाचताना मला कळलीच नव्हती. कापड कागदाच्या कोऱ्या बाजूला लावायचं, छापील बाजू आपल्याकडे. पहिला तुकडा सुलट बाजू बाहेर. दुसरा त्यावर सुलट-सुलट भिडवून ठेवायचा आणि कागद पलटून रेषेवर शिवायचं. मग कागद रेषेवर मागे मुडपून पाव इंच सोडून कापड छाटायचं, दुसरा तुकडा उघडून इस्त्रीने दाबायचा, आणि पुढचा. टाका लहान ठेवा, दीड मिलिमीटरच्या आसपास. भोकं जवळजवळ पडतात, मग कागद शेवटी पोस्टाच्या तिकिटासारखा सुटतो. मोठ्या टाक्याने शिवलं तर कागद ओढताना शिवण ताणते, हे मी एका अख्ख्या ठोकळ्यावर भोगलंय. शिवण्याआधी कागद दिव्यासमोर धरा, तुकडा रेषेच्या सगळ्या बाजूंनी पाव इंच बाहेर येतोय ना बघा. तुकडे सढळ हाताने कापा.

आता माझी चूक. एका मुलासाठी ‘क’ अक्षराचा ठोकळा केला. अकरा तुकडे, तीन रात्री. कागद फाडून पालथा केला तर ‘क’ उलटा, आरशात दिसतो तसा. कापड कोऱ्या बाजूला असतं म्हणून नक्षी उलटी उमटते. चांदणीला फरक पडत नाही, अक्षराला पडतो. अक्षर, पक्षी, जहाज काहीही असेल तर आराखडा आधी उलटा करून छापा. तो उलटा ‘क’ मी उसवला नाही. गोधडीच्या मागच्या बाजूला लावला. तिथे मुलगा बोट फिरवून तो शोधतो.

❖

सुयांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. बाळ रांगायला लागलं की सुया मोजून काढायच्या आणि मोजून ठेवायच्या. माझ्या डब्यात तीन असतात, तीनच. डब्याच्या झाकणाला आतून चुंबक चिकटवलाय. रोटरी कटर, म्हणजे गोल फिरत्या पात्याचं कापड कापायचं हत्यार, हातातून खाली ठेवताना पातं झाकायचं, दर वेळी, दोन सेकंदांसाठी ठेवलं तरी.

❖

माझा सूर जरा वेगळा आहे, तोही असू द्या.

धाकटा दोन वर्षांचा असताना मी यात पडले आणि वर्षभरात चार गोधड्या सुरू केल्या. एकही झाली नाही. कापडाचा ढीग वाढत गेला. करायच्या कामांच्या यादीत, घरातल्या बाकी सगळ्या कामांखाली, ‘गोधडी’ हाही शब्द आला, आणि तो पाहिला की छातीवर दडपण यायचं. ज्याने हात मोकळे व्हावेत त्याचंच ओझं झालं. नवीन लोकांना मी हे सांगेन, कारण ‘मुलाच्या पलंगाएवढी गोधडी’ हे पहिलं स्वप्न सगळ्यांचंच असतं आणि लहान मुलं असताना ते फार मोठं आहे.

मी त्या चारींमधले झालेले षटकोन एकत्र मांडले. मध्ये एक, भोवती सहा, मग बारा, मग अठरा. सदतीस. एक इंची सदतीस तुकड्यांचं फूल साधारण बारा इंच रुंद होतं. साध्या कापडावर शिवून उशीचा अभ्रा केला. एका महिन्यात पूर्ण. धाकटा त्यावर डोकं ठेवून झोपतो. उरलेलं कापड मी देऊन टाकलं आणि खरंच बरं वाटलं. आता एका वेळी एकच काम हाती घेते, आणि ते ताटाएवढं असतं.

❖

मुलगी दहा वर्षांची आहे, त्यामुळे माझे व्यग्र दिवस वेगळ्या प्रकारचे. आम्ही दोघी एकत्र करतो. रंगांची मांडणी पूर्ण तिची. जाळीच्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी आखते आणि मला त्यात ढवळाढवळ करू देत नाही. टाचायचं काम ती पाण्यात धुतल्या जाणाऱ्या गोंदाने करते. गोंद कमी लावायचा आणि अगदी कडेला लावायचा नाही, नाहीतर घडीत सुई शिरत नाही.

तिला मी चांगीच्या मुलींची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी तुरुंगात नजरकैदेत असलेल्या आठ ते सोळा वर्षांच्या सुमारे वीस मुलींनी षटकोनांची गोधडी शिवली होती. तिथे त्या गाइड म्हणून जमायच्या. जी बाई त्यांना शिकवायची तिच्या वाढदिवसासाठी, तिला कळू न देता, मिळतील त्या चिंध्यांमधून. दोराही जुन्या कपड्यांमधून उसवून घ्यायच्या. त्या गोधडीवर मुलींनी आपापली नावं भरली आहेत. हे ऐकल्यावर माझ्या मुलीने लगेच विचारलं, ‘मग ती पूर्ण झाली का?’ ते मला सांगता आलं नाही, कारण मला एवढंच माहीत होतं की ती आज लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये जपलेली आहे. त्यानंतर मुलीने आमच्या गोधडीच्या एका षटकोनावर स्वतःचं नाव भरायला घेतलं. पहिलं अक्षर दोनदा उसवलं. मी हात लावला नाही.

❖

मी पाच महिन्यांच्या बाळाची आई, आजवर फक्त बटण लावलंय. मशीन नाही. जमेल का? बाळासाठीच करायचं मनात आहे.

❖

अगं, बटण लावता येतं म्हणजे सुईत दोरा ओवता येतो आणि गाठ मारता येते. एवढंच लागतं. पण बाळासाठी म्हणतेस म्हणून एक गोष्ट आधी. वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागी गोधडी, उशी असं मऊ काही ठेवू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणून सध्या जमिनीवर पालथं पडून खेळायला अंथरता येईल असं काहीतरी कर, तेही तू समोर असताना. सुती कापड घे, गडद रंग आधी धुऊन घे. दोन इंची षटकोन, सात तुकडे, एक फूल. तेवढं झालं की इथे येऊन सांग.

❖

झालं. अकरा दिवस लागले, बहुतेक वेळा बाळ छातीवर झोपलेलं असताना एका हाताने तुकडा धरून. पण दोन पाकळ्यांच्या मधल्या कोपऱ्यात बारीक फट दिसतेय. कागद अजून आत आहेत. उसवू का?

❖

उसवू नकोस. कोपऱ्याच्या जरा अलीकडून सुरू करून मागच्या बाजूने तीन टाके घाल, पुढच्या कडेवर दोन. टाक्यात कापडाचे दोन-तीनच धागे घे, कागद सुईत येऊ देऊ नकोस. पुढच्या वेळी कोपऱ्याशी आलीस की तिथे एक टाका जास्तीचा घालत जा, फट पडत नाही. आणि तुझ्या पाकळ्या गडद निळ्या आहेत ना, तर हे दिवसा कर. निळ्यावर निळा दोरा रात्रीच्या दिव्यात दिसत नाही.