प्रोसेसरची वीजमर्यादा कमी केल्यास वेग किती घटतो?

शिसपेन्सिल

नमस्कार. माझ्या डेस्कटॉपच्या प्रोसेसरच्या माहितीपत्रकात ६५ वॅट असा आकडा दिलेला आहे. प्रत्यक्षात मात्र व्हिडिओचे रूपांतर सुरू केले की देखरेखीचे सॉफ्टवेअर १२० वॅटच्या आसपास आकडा दाखवते, पंखा पूर्ण वेगाने फिरू लागतो आणि तापमान ९० अंशांच्या वर जाते. असे काम दिवसातून दोन-तीन वेळा असते आणि प्रत्येक वेळी त्याला सुमारे ४० मिनिटे लागतात. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) वीजमर्यादा कमी करण्याची सोय आहे, पण ती वापरावी की नाही हे ठरत नाही. एका परिचितांच्या मते प्रोसेसरला पूर्ण वेगाने काम उरकू द्यावे आणि मग स्वस्थ बसू द्यावे, म्हणजे एकूण वीज कमीच लागते. दुसरे सांगतात की वेग थोडासा उतरवला तरी वीज निम्म्यावर येते. ही दोन्ही मते एकाच वेळी खरी कशी असू शकतील? आणि माहितीपत्रकातील त्या ६५ वॅटचा नेमका अर्थ काय?

तांबडी_तार

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते छोटे आहे. ६५ वॅट ही वापराची कमाल मर्यादा नव्हे. प्रोसेसर आपल्या मूळ वेगाने सतत काम करीत असताना जेवढी उष्णता बाहेर काढावी लागेल, तेवढ्यासाठी दिलेला तो आकडा आहे. टर्बो वेगात, म्हणजे प्रोसेसर मूळ वेगाच्या वर धावतो तेव्हा, वापर त्याच्या बराच पुढे जातो. इंटेलने २०२१ मध्ये आलेल्या बाराव्या पिढीपासून दोन्ही आकडे छापायला सुरुवात केली आणि त्यातील आय९-१२९००के या प्रोसेसरसाठी ते १२५ आणि २४१ वॅट असे आहेत. शिवाय अनेक मदरबोर्डांवर ही वरची मर्यादा मुळातच सैल सोडलेली असते, त्यामुळे तुम्हाला दिसणारा १२० हा आकडा बिघाडाचे लक्षण नाही.

आता मुख्य मुद्दा. ट्रान्झिस्टर उघडझाप करताना जी वीज खर्च होते ती वारंवारतेच्या (सेकंदाला पडणाऱ्या ठोक्यांच्या) पटीत वाढते, परंतु व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या पटीत वाढते. आणि या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या नाहीत. वारंवारता वाढवली की प्रत्येक ठोक्यात ट्रान्झिस्टरला बदलण्यासाठी कमी वेळ मिळतो, आणि तेवढ्या वेळात त्याने बदलावे म्हणून व्होल्टेजही चढवावे लागते. समजा, ५ गिगाहर्ट्झला १.३ व्होल्ट लागतात आणि ४ गिगाहर्ट्झला १ व्होल्ट पुरतो. वेग २० टक्क्यांनी उतरला, म्हणजे ०.८ पट झाला. व्होल्टेजच्या वर्गाचे गुणोत्तर सुमारे ०.५९ येते. दोहोंचा गुणाकार ०.४७, म्हणजे वीज निम्म्याहूनही कमी झाली. शेवटचे काहीशे मेगाहर्ट्झ सर्वांत महाग पडतात ते यामुळेच, आणि टर्बो नेमका त्याच टोकावर काम करतो.

हे दुखणे जुने आहे. १९७४ मध्ये आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवत गेल्यास चिपच्या दर चौरस मिलिमीटरमागची वीज वाढत नाही. त्या जोरावर वारंवारता पुढची तीस वर्षे चढत राहिली. पण व्होल्टेज फार उतरवले की ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून वीज पाझरू लागते, म्हणून ते एका पातळीच्या खाली नेता येईना. इंटेलचा पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला आणि ४ गिगाहर्ट्झचे नमुने बाजारात आणण्याचा बेत कंपनीने २००४ मध्ये सोडून दिला. एकाच चिपवर अनेक कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे गणन-भाग) बसवण्याकडे कल वळला तो या अडचणीमुळे.

उंबरा

वरील हिशेब बरोबर आहे, पण तो वॅटचा आहे. काम लवकर उरकू द्यावे हे तुमच्या पहिल्या परिचितांचे मत वॅट-तासांबद्दल, म्हणजे पूर्ण कामाला लागणाऱ्या एकूण विजेबद्दल आहे, म्हणून दोन्ही मते खरी ठरू शकतात. प्रोसेसर १२० वॅटवर ४० मिनिटे चालला तर ८० वॅट-तास लागतात. तेच काम ६० वॅटवर ५० मिनिटांत झाले तर ५० वॅट-तास. ३० वॅटपर्यंत उतरवून त्याला ८० मिनिटे लागली तर ४०. आता मेमरी, डिस्क, मदरबोर्ड असे बाकीचे सगळे मिळून ४० वॅट घेतात असे धरा. मग एकूण आकडे अनुक्रमे १०७, ८३ आणि ९३ असे येतात. म्हणजे अतिवेगही महाग आणि अतिसंथपणाही महाग, कारण काम लांबते तितका वेळ बाकीचे भागही जागे राहतात.

यात एक मेख आहे. काम संपताच संगणक बंद होणार असेल तरच ते ४० वॅट हिशेबात धरावेत. तो दिवसभर चालूच राहणार असेल तर ते तसेही जाणारच, आणि मग संथ चालण्याचे पारडे जड होते.

‘लवकर उरकून झोपा’ हा विचार मोबाइल आणि लॅपटॉपवरच्या क्षणिक कामांना अधिक लागू पडतो. एखादे पान उघडायचे, ते काही मिलिसेकंदांत उघडायचे, आणि लगेच कोअर गाढ झोपेत जायचे. सतत ४० मिनिटे चालणारे रूपांतर हा वेगळा प्रकार आहे. मोबाइलमध्ये दोन्ही प्रकारची कामे असतात, म्हणून प्रोसेसरची रचना करणाऱ्या आर्म कंपनीने २०११ मध्ये मोठे आणि छोटे कोअर एकत्र नांदवण्याची रचना जाहीर केली, ज्यात पार्श्वभूमीची बारीकसारीक कामे छोट्या कोअरकडे जातात.

घडीचा_चष्मा

वीजमर्यादा उतरवणे आणि व्होल्टेज हाताने उतरवणे यांत कृपया गल्लत करू नका. पहिल्यात प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि त्या वेगाला लागणारे व्होल्टेज पुरेपूर घेतो, त्यामुळे उत्तरे चुकत नाहीत. दुसऱ्यात सुरक्षेसाठी ठेवलेले जादा व्होल्टेज आपण कापत असतो. तिथे संगणक अचानक बंद पडला तर निदान कळते तरी, पण एखादी गणिती चूक गुपचूप फाइलमध्ये शिरली तर कळणारही नाही. मर्यादा दहा-पंधरा वॅटच्या पायऱ्यांनी उतरवा, प्रत्येक वेळी तीच फाइल चालवा आणि मोजमाप भिंतीवरच्या सॉकेटपाशी मीटर लावून करा.

शिसपेन्सिल

सर्वांचे मनापासून आभार. एकच फाइल चार वेळा चालवून पाहिली. मर्यादा नसताना ४० मिनिटे आणि १२१ वॅट-तास, ७५ वॅटवर ४६ मिनिटे आणि ९८, ४५ वॅटवर ५८ मिनिटे आणि ९२, तर ३० वॅटवर ७५ मिनिटे लागून मीटर पुन्हा ९७ वर गेला. उंबरा यांनी सांगितलेले वळण डोळ्यांसमोर उमटताना पाहून फार बरे वाटले. ७५ वरून ४५ वर येताना वाचणाऱ्या सहा वॅट-तासांसाठी बारा मिनिटे जास्त थांबणे मला परवडणारे नाही, म्हणून सध्या मर्यादा ७५ वरच ठेवली आहे. तापमान ७० अंशांच्या आत राहते, आणि शेजारी बसून रेकॉर्डिंग ऐकताना पंख्याचा आवाज आता मध्ये येत नाही.