विज्ञानकथा-फँटसीचा संग्रह स्वतःच काढायचा, पण लेखकांच्या पैशांनी?

शनीची_कडी (धागाकर्ता)

सध्या व्हॉट्सॲपवर एक आवाहन फिरतंय: ‘प्रातिनिधिक विज्ञानकथासंग्रहासाठी कथा पाठवा. शब्दमर्यादा पंधराशे. सहभाग शुल्क आगाऊ. प्रत्येक सहभागी लेखकास दोन प्रती, सन्मानपत्र व ट्रॉफी.’ कथा कुणी वाचायच्या आधीच ट्रॉफी ठरलेली आहे.

आम्हीही काही जण विज्ञानकथा आणि फँटसीचा एक संग्रह काढतोय, स्वतःच्या हिमतीवर. दहा लेखक, दहा कथा, दोनशेच्या आसपास पानं, डेमी म्हणजे नेहमीच्या पुस्तकाचा आकार. प्रकाशकाकडे न जाण्याचं कारण साधं आहे. एका नवख्या लेखकाचा कथासंग्रह घ्यायलाही ते कां-कूं करतात, मग दहा नवख्यांचा, तोही यंत्रमानव आणि यक्षिणींचा, कोण घेणार? दिवाळी अंक आहेत, मान्य. ‘नवल’ आणि ‘धनंजय’ यांनी या प्रकाराला जागा दिली म्हणून तर तो मराठीत तगला. पण अंकातल्या कथेची चर्चा तुळशीच्या लग्नापर्यंत, नंतर रद्दी. पुस्तकावर निदान वाचनालयाचा शिक्का तरी बसतो.

आमच्यात वाद आहे तो पैशांवरून. काहींचं म्हणणं, खर्च दहा जणांत वाटून घ्यावा. माझा ठाम विरोध आहे. ज्याने पैसे भरले त्याची कथा नाकारणार कशी? नाकारणं राहू दे, ‘शेवटची दोन पानं काढून टाका’ एवढंही सांगता येत नाही. तो लेखक राहत नाही, गिऱ्हाईक होतो.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. तिला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी फिरवलेली, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीने लिहून काढलेली. त्यांच्या नावावर ती कथा कुणीही डोळे झाकून छापली असती, म्हणूनच त्यांनी नाव लपवलं. आणि आपण? कथेसोबत पैसे भरल्याची पावती जोडा म्हणतोय.

माझा प्रस्ताव असा: लेखकाकडून एक रुपयाही नको, उलट प्रत्येकी हजार रुपये मानधन. कथांवरची नावं काढून तीन जणांनी वाचायच्या. पैसे प्रकाशनपूर्व सवलतीतून उभे करायचे. बोला.

फर्मा_सोळा

छपाईच्या धंद्यात आहे. भावना पोहोचल्या, आता हिशेब.

सोळा पानांचा एक फर्मा, दोनशे पानं म्हणजे साडेबारा फर्मे. ऑफसेटला जाणार असाल तर १९२ करा नाहीतर २०८. पण तीनशे प्रतींना ऑफसेट परवडत नाही, डिजिटलच करावं लागेल. प्रतीमागे एकशे दहा धरा, म्हणजे ३३,०००. मुखपृष्ठाचं चित्र १०,०००, अक्षरजुळणी ८,०००, मुद्रितशोधन ४,०००. झाले ५५,०००. तुमचं मानधन मिळवा, ६५,०००.

तीनशेपैकी वीस प्रती लेखकांना, वीस परीक्षणाला. चार कायद्याने द्याव्या लागतात: १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथली तीन ग्रंथालयं, त्याही स्वखर्चाने, तीस दिवसांत. विकायला उरल्या २५६. म्हणजे तुम्हाला प्रत पडली २५४ रुपयांना. किंमत तीनशे ठेवलीत आणि प्रकाशनपूर्व वीस टक्के सवलत दिलीत, तर हातात २४०. एकूण एक प्रत खपली तरी प्रत्येकीमागे चौदा रुपये खिशातून. वितरकाकडे गेलात तर तो पंचेचाळीस टक्के घेणार, तुम्हाला १६५. टपालखर्च मी अजून धरलेलाच नाही.

दहा जणांनी साडेसहा हजार काढले की विषय संपला. यात लाज कसली? श्री. व्यं. केतकरांनी ज्ञानकोशासाठी कंपनी काढून भाग विकले होते.

शनीची_कडी

@फर्मा_सोळा, केतकरांनी भाग विकले, पण नोंदी लिहिणाऱ्यांकडून पानामागे पैसे घेतले नाहीत. सगळा फरक तिथेच आहे.

बाकी हिशेब चोख आहे, त्याबद्दल आभार. किंमत साडेतीनशे केली की वीस टक्के सवलतीतही २८० येतात. दोनशे पानांना साडेतीनशे जास्त वाटतात, पण पिझ्झ्याला कुणी घासाघीस करत नाही.

खडूस_वाचक

पिझ्झा खाल्ला जातो हो.

नवलवेडी

मी पैसे भरण्याच्या बाजूची नाही, तरी धाग्याशी असहमत आहे. नावं काढली म्हणजे निवड निःपक्षपाती झाली, हा भ्रम आहे. ते तीन परीक्षक कोण असणार? आमच्या अकोल्याकडची एक ओळखीची मुलगी आहे, तिच्या कथेतला यंत्रमानव कापसाच्या जिनिंगमध्ये राबतो आणि वऱ्हाडी बोलतो. मालकाशी, मुकादमाशी, स्वतःशीसुद्धा. ती कथा दोन ठिकाणांहून परत आली. एकाने लिहिलं, ‘भाषा प्रमाण करून पाठवा’. यंत्रमानवाने पुणेरी बोललं की ती विज्ञानकथा, वऱ्हाडी बोललं की विनोदी, असं काही आहे का? तिथे तर कथेवर नाव नव्हतंच. तिच्या भाषेवरूनच ती कुठली हे कळलं.

साडेसहा हजार भरून का होईना, जशी लिहिली तशी छापून येत असेल तर तिने ते भरावेत, असं मला कधीकधी वाटतं.

घाटावरचा

+१ नवलवेडी. ‘संपादकीय संस्कार’ या नावाखाली काय काय खपतं ते पाहिलंय.

मुद्रितशोधक

नवलवेडीताई, तुमच्या मैत्रिणीवर अन्याय झाला हे खरं. पण ‘जशी लिहिली तशी’ छापलेले सशुल्क संग्रह तपासायचं काम मी केलंय, त्यातलं एक सांगतो.

नायक मंगळावर. साताऱ्यात आईचा वाढदिवस, म्हणून तो तिला फोन लावतो. माय-लेकरांच्या दोन पानं गप्पा, प्रश्नाला लगेच उत्तर, शेवटी दोघंही हुंदके देतात. आता मंगळ जवळ असला तरी प्रकाशाला एका बाजूने तीन मिनिटं लागतात, लांब असेल तर बावीस. मी समासात टीप लिहिली. निरोप आला: ‘ही फँटसी आहे, तुम्ही फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा.’

वाईट याचं वाटलं की खरी कथा त्या बावीस मिनिटांतच होती. ‘जेवलास का?’ विचारून आईने भाजी फोडणीला टाकायची, शेजारणीशी दोन शब्द बोलायचे, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, आणि पाऊण तासाने लेकाचं ‘हो’ यायचं. तोवर ती दुसऱ्याच काळजीत. लेखक लिहिता हात असलेला होता, त्याने ते झकास लिहिलं असतं. त्याला कुणी सांगितलंच नाही. संयोजकाला तीस कथांचे पैसे आले होते, तो कशाला सांगेल?

आणि ‘फँटसी आहे’ ही पळवाट चालत नाही. यक्षिणीला उडता येत असेल तर ती तिसऱ्या पानावर जिना का चढते, हे फँटसीतही विचारलं जाणारच. उलट तिथे जास्त, कारण नियम तुम्हीच घातलेले असतात.

अवांतर: कुणी जुन्या फॉण्टमधल्या कथा युनिकोडमध्ये बदलून घेणार असेल तर ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ असलेले शब्द एकेक करून तपासा. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, पडद्यावर नजरेतून सुटतं आणि छापल्यावर पानोपानी दिसतं. फॉण्टला पैसे घालवू नका. मुक्त किंवा तिरो देवनागरी मराठी फुकट आहेत, छपाईलाही चालतात.

घाटावरचा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). दोनदा आला होता.

बे_एरियातली

छापताच कशाला? इकडे अमेरिकेत पुस्तक मागवलं तर टपालखर्च पुस्तकापेक्षा जास्त पडतो. किंडलवर २०१६ पासून मराठी आहे. ई-बुक काढा, छपाईचे तेहतीस हजार वाचले, त्यातून मानधन दुप्पट करा. विज्ञानकथा वाचणारा वाचक तसाही पडद्यावरच असतो.

फर्मा_सोळा

@बे_एरियातली, माझ्या पोटावर पाय आणताय. पण एक सांगा, मराठी ई-बुक शेवटचं विकत कधी घेतलंत? पीडीएफ फॉरवर्ड झालेली धरायची नाही.

बे_एरियातली

गेल्या आठवड्यात. तुम्ही?

शनीची_कडी

ई-बुक काढणारच आहोत, पण एकटं ई-बुक नको. राज्यात मान्यताप्राप्त सार्वजनिक वाचनालयं अकरा हजारांहून जास्त आहेत. त्यांच्या कपाटात किंडल जात नाही. ग्रंथालय संचालनालयाच्या यादीत पुस्तक लागलं तर तीनशे प्रतींच्या पुढच्या आवृत्तीचा विचार करता येईल. आणि किंडलच्या सिलेक्ट योजनेत नाव घातलं की नव्वद दिवस तोच मजकूर डिजिटल स्वरूपात दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. आमच्या निम्म्या लेखकांच्या कथा आधीच त्यांच्या ब्लॉगवर आहेत.

घाटावरचा

शासनाचं नवलेखक अनुदान का घेत नाही? साहित्य आणि संस्कृती मंडळ देतं की.

मुद्रितशोधक

ते एका लेखकाच्या पहिल्या पुस्तकाला. दहा जणांची मोट बांधून नाही मिळत.

कलम_एकोणीस

पैशांवरून एवढं भांडताय, हक्कांचं कुणी बोललेलंच नाही. लेखकांशी लेखी काही केलंय का? ‘कथा पाठव रे, घेतो’ एवढ्यावर संग्रह निघतात, म्हणून विचारतो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाचून घ्या. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. भूप्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे वरच्या बे एरियातल्या ताईंना विकलेलं ई-बुक कराराच्या बाहेर. घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर तेही परत जातात, करारात वेगळं ठरलं नसेल तर. पुस्तक रखडलं, आणि ते रखडतंच, तर हे कलम आठवा.

एका पानाचा करार पुरे: कथेचं नाव, छापील आणि ई-बुकसाठी परवानगी, जगभर, तीन वर्षं, मानधन हजार, बाकीचे सगळे हक्क लेखकाकडे. ऑडिओचं स्वतंत्र लिहा. स्टोरीटेलसारख्या ऑडिओबुकच्या ॲपवर कथा गेली तर पैसे कुणाचे, यावरून घट्ट मैत्री तुटते.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, फुकट मिळतो, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा. ‘आम्ही काढून देतो’ म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा.

खडूस_वाचक

प्रकाशनपूर्व नोंदणी करणाऱ्यांत लेखकांचे मावसभाऊ किती असतील याचा अंदाज आहे का? मग लेखकाकडून थेट घेतले काय आणि त्याच्या मावसभावाकडून घेतले काय.

शनीची_कडी

फरक आहे. निवड आधी जाहीर होणार, नोंदणी नंतर. मावसभाऊ आला तोवर कथा आत आलेली असेल, नाहीतर बाहेर. दीडशे नोंदण्या झाल्या नाहीत तर छापायचं नाही, सगळ्यांचे पैसे परत, नुसतं ई-बुक काढायचं. मानधन तरीही मिळेल, ते मी घालतो.

फर्मा_सोळा

टपालाचं राहिलं होतं. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १००, कर वेगळा. दोनशे पानी डेमी तीनशे ग्रॅमच्या आत बसतं. पण ती सोय शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांना आहे, व्यापारी स्वरूपाची पुस्तकं चालत नाहीत. तुमचा यंत्रमानव सांस्कृतिक आहे हे काउंटरवर पटवून द्या.

आणि दीडशे नोंदण्या झाल्याच तर माझ्याकडे या. प्रतीमागे एकशे दहाचे शंभर करतो. तरी माझं मत तेच: लेखकांनी वर्गणी काढावी. नाटकमंडळ्या अशाच चालतात, त्यांना कुणी गिऱ्हाईक म्हणत नाही.

नवलवेडी

नाटकमंडळीत वर्गणी भरली म्हणून कुणाला राजाची भूमिका देत नाहीत, फर्माकाका.

शनीची_कडी, माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. परीक्षक कोण?

शनीची_कडी

एक मी. एक मुद्रितशोधक, ते हो म्हणाले तर. तिसऱ्या तुम्ही.

मुद्रितशोधक

मी तयार आहे, पण दोन अटींवर. नाकारलेल्या प्रत्येक कथेला चार ओळींचं का होईना कारण द्यायचं. आणि धागाकर्त्याला यातली एकच खुर्ची मिळेल: एक तर परीक्षक व्हा, नाहीतर कथा द्या.

शनीची_कडी

संग्रहाची कल्पना माझी, पैसे अडकणार माझे, आणि माझीच कथा नको?

मुद्रितशोधक

पैसे भरले म्हणून कथा घ्यायची नाही, असं या धाग्यात वर कुणीतरी लिहिलंय.

खडूस_वाचक

खिक्.

नवलवेडी

मी येते. वऱ्हाडी प्रमाण करणार नसाल तर.

घाटावरचा

शब्दमर्यादा किती? आणि शेवटची तारीख दिवाळी अंकांच्या गडबडीत ठेवू नका.