शब्दचर्चा: डोळ्याची 'संवेदनशीलता' म्हणजे नेमकं काय?

निपाणीकर: गावातल्या आरोग्य शिबिरासाठी मराठी-कन्नड पत्रक करायलोय. त्यात "कोविडसारख्या आजारानंतर डोळ्याच्या पृष्ठभागाची संवेदनशीलता बदलू शकते" असं वाक्य आहे. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "म्हंजे डोळं चुरचुरूलाल्यात, असंच की." पण मूळ मजकुरात स्पर्श कमी कळतो असं आहे. शब्द कोणता घेऊ?

खानापूरची ताई: आईंचं बरोबर आहे. बोलताना आपण डोळा सेन्सिटिव्ह झाला म्हणतो ते उजेड सोसत नाही, पाणी येतं, खुपतं याला, आणि अ‍ॅडिनोव्हायरसनं ताप येऊन घसा धरतो न सोबत डोळेही येतात तेव्हा हेच होतं. डॉक्टरांची 'संवेदना' वेगळी. स्वच्छमंडलाला, म्हणजे आपण ढोबळपणे बुबुळ म्हणतो त्याच्यावरच्या पारदर्शक पडद्याला, काही टेकलं तर कळतं का एवढंच ते बघतात. कापसाची बारीक वात टेकवून पापणी मिटते का बघायचं, नाहीतर कोशे-बोने यंत्रातला नायलॉनचा तंतू 60 मिमीपासून आखूड करत न्यायचा. लांब तंतू हलका टेकतो, तेवढ्यानंही कळलं तर संवेदना चांगली. घरी मात्र कुणी करून बघू नका.

बेळगावचा वाचक: ताईंच्या बोलण्यात एक भर. 2021 मध्ये तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी लाँग कोविडच्या, म्हणजे कोविड होऊन गेल्यावरही त्रास राहिलेल्या, पेशंटांचं स्वच्छमंडल खास मायक्रोस्कोपखाली बघितलं, तर नसांचे बारीक तंतू कमी झालेले दिसले. पण तंतू कमी दिसले म्हणजे डोळा बधिर झालाच असं होत नाही, आजारी नस उलट जास्त ठणकूही शकते, म्हणून 'बदलू शकते' हे क्रियापद ठेवाच. पुरती बधिरता नागिणीच्या आणि हर्पिसच्या विषाणूनं येते हे जास्त ओळखीचं आहे, आणि तिथं धोका मोठा, कारण कचरा गेलेला कळत नाही, पापणी कमी मिटते, नसांकडून मिळणारं पोषण तुटतं न जखम भरत नाही. दुखत नाही म्हणून माणूस दवाखान्यात जातच नाही! 'संवेदनशीलता' लिहिलं की वाचणारा दुखण्याचीच वाट बघत बसणार.

निपाणीकर: मग मराठीत "डोळा चुरचुरेल, किंवा उलट त्याला स्पर्श कमी कळेल" असं दोन्ही लिहितो. कन्नडात पहिल्याला 'उरि' चालेल, दुसऱ्याला 'मरगट्टु' लिहू का?

खानापूरची ताई: हातपाय बधिर होतात त्याला मरगट्टु म्हणतात, डोळ्याला जरा जड वाटेल. "मुट्टिदरू गोत्तागल्ल", हात लावला तरी कळत नाही, असं सरळ लिहा.